दगडांची वही

चौदा महिने मी ते पठार पाहिलं
बाणेरच्या चौथ्या मजल्यावरून,
दर दहा मिनिटांनी येणाऱ्या एका आकड्यातून.
पाच पूर्णांक नऊ. सहा पूर्णांक चार.
पश्चिम, किंचित वायव्य.

जुन्नरच्या त्या टोकाला पवनचक्की अजून कुणी पाहिलेली नाही.
फक्त मनोरा आहे, ऐंशी मीटर, हडकुळा,
तारांनी चहूबाजूंनी बांधून घातलेला,
आणि त्याचा राखणदार बुधा हिले.
दर सोमवारी त्याचा मिस्ड कॉल,
म्हणजे सगळं ठीक.

चैत्रात सगळ्यात वरच्या वाट्या फिरायच्या थांबल्या.
तीन दिवस शून्य.
फोन लावला तर हसला,
"ताई, चूल पेटंना,
बाळहिरड्याचा सडा पडलाय झाडाखाली,
आणि तुमच्याकडं शून्य?"

मग गेले.
आपटाळ्यापर्यंत एसटी, पुढे जीप, पुढे पायवाट,
आणि पुढे तो वारा, मला तोंडपाठ असलेला,
ज्यानं ओळख न दाखवता माझी ओढणी नेली.

खताच्या पिशवीत गुंडाळलेली एक वही त्यानं काढली.
मुलीची, चौथीची, मागची पानं कोरी उरलेली.
तारीख, आणि पुढे:
दगड दोन. दगड दोन. दगड पाच.
"पत्रा उडू नये म्हणून रात्री वर किती ठेवले, ते.
तुम्ही मोजताय म्हटल्यावर वाटलं, आपणबी मोजावं."

कंदिलाशी बसून त्याच्या दगडांशेजारी माझे आकडे मांडले.
चार दगड म्हणजे साडेसात.
नऊ म्हणजे अकराच्या वर.
श्रावणातल्या एका पानावर फक्त: पत्रा गेला.
त्या रात्रीचा माझा आकडा मला आठवत होता.
मी तेव्हा खूश झाले होते.

सकाळी नकाशा पसरला. एकवीस वर्तुळं.
सातव्यावर त्यानं बोट ठेवलं.
"हितं भावकीचा हिरडा हाय. हे जरा सरकंल का?"
विचारते, म्हणाले.
हा शब्द ऑफिसात किती मजले चढतो,
मला माहीत आहे.

अहवालात त्या तीन दिवसांचा रकाना रिकामा सोडायचा असतो.
मी लिहिलं: सहा, आठ, सात.
एकक: दगड.
अजून कुणी खोडलेलं नाही,
म्हणजे अजून कुणी वाचलेलं नाही.

आज सोमवार.
फोन वाजला.
मी थांबायची वाट पाहिली.
तो वाजतोच आहे.