चांदीच्या मागावर

गगनबावड्याला पहिल्या एसटीनं उतरलो तेव्हा
दस्तगीरच्या वहीत पाच माथे होते, अनुक्रमांकासह,
पुढं उंचीचा रकाना, वेळेचा रकाना,
आणि एक रकाना उगाचच मोकळा.
आम्ही दोघं शिरोलीचे टर्नर.
आठवडाभर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाशी भांडतो,
सुट्टीला डोंगर.

वाडीच्या वर जनाबाई येडगे भेटली,
हातात काठी, ओच्यात भाकरी.
"म्हस दोन दिस झालं परतली न्हाय.
तुमी बी वरच चाललाय न्हवं? चला."
वाट तिची, वही आमची.

पहिल्या माथ्यावर आम्ही वेळ लिहिली, सात चाळीस.
ती पार कड्याच्या टोकाला गेली,
तोंडाभोवती तळवे धरून ओरडली: चांदेऽऽ
हाक दरीत उतरली, पलीकडच्या कातळाला लागली,
निम्मी होऊन परत आली.
तिनं मान हलवली. "पुढं."

दुसरा माथा म्हणजे नुसता सडा.
जांभ्याच्या खळग्यांत डबकी वाळून गेलेली,
गव्याचं शेण. ती वाकते, काठीनं उकरते.
आम्ही मोबाईलला उंची विचारतो.

तिसऱ्याकडं जाताना वाट कारवीत बुडाली.
आधी खोल उतरायचं, मग तेवढंच पुन्हा चढायचं.
कमावलेली उंची अशी दरीत टाकून देताना
दस्तगीरचा गुडघा बोलायला लागला.
मग तोही बोलला, आईविषयी, पहिल्यांदाच:
शेवटी शेवटी ती कुणाला तरी हाका मारायची,
कुणाला, ते विचारायचं राहून गेलं.
जनाबाई चार पावलं पुढं होती. ऐकलं असेल.
काठी थांबली नाही.

चौथ्यावर वारा असा
की भडंगाची पुडी उघडली नि निम्मी कोकणात गेली.
हसलो. तीही हसली, मग हाक मारली.
खाली कुठंतरी घंटा.
तिघंही श्वास धरून.
परत वाजली नाही.

पाचवा सगळ्यांत उंच, आणि वर काहीच नाही.
ना शेंदराचा दगड, ना झेंड्याची काठी.
कलतं ऊन, खाली कुंभीचं खोरं,
वही पिशवीतच राहिली.
ह्या वेळी हाक आम्हीही मारली.
दस्तगीरची सगळ्यांत लांब गेली;
चांदे म्हणाला की आणखी काही,
वाऱ्यात कळलं नाही.

अंधारात वाडीवर उतरलो
तर म्हस खोपटापुढं बसलेली, रवंथ करत,
शिंगात कारवीची काटकी.
"म्हणजे आपली पायपीट फुकट?" दस्तगीर म्हणाला.
जनाबाईनं म्हशीला एक चापट दिली,
मग हात तिथंच पाठीवर ठेवून म्हणाली,
"फुकट कशी? कुठं न्हाय, ते तर बघून आलो."

शेवटच्या वडापात मांडीला मांडी लावून आम्ही.
कळ्याच्या अलीकडं त्यानं वही काढली,
समोरून येणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरच्या उजेडात
तो मोकळा रकाना बघत राहिला,
पेन्सिल कानावरच.