उसवण

जुफैरच्या गल्लीत, तळाच्या फाटकासमोर
माझं दुकान. आठ बाय अकरा.
पाटीवर अरबीत खय्यात, इंग्रजीत टेलर,
मराठीत काही नाही. मराठीत मी फक्त मोजतो:
अडतीस, चाळीस, सव्वाबेचाळीस.
तोंडात टाचण्या धरून
परक्या भाषेत मोजता येत नाही.

वडील आले आगबोटीतून,
दाभोळहून मुंबई, मुंबईहून मनामा.
खिशात रुपये होते,
आणि इथेही तेव्हा रुपयेच चालायचे.
साहेबांच्या कोटांना त्यांनी मुकुटाची बटणं लावली,
आणि साहेब निघाले त्या वर्षी
टाकून दिलेल्या कोटांची तीच बटणं उसवून
लोणच्याच्या बरणीत भरली.
बरणी अजून आहे. हलवली की वाजते.

त्याच धक्क्यावर नवा भाडेकरू आला.
थोडीशीच जागा, म्हणे. दोनचार बोटी, एक कँटीन.
‘भटाला दिली ओसरी’, एवढंच म्हणून
दाऊद सरगुरोह, माझे वडील, हसायचे.
पुढची अर्धी म्हण त्यांनी गिळली ती कायमची.
आता ती भिंत माझ्या दारासमोरून जाते,
भिंतीवर तार, तारेवर कॅमेरा,
मी सुईत दोरा ओवतो
तेही कुठेतरी कुणीतरी बघत असणार.

पेपरात यायच्या आधी मला लढाई कळते.
हिरवे ठिपके जातात, वाळूचे ठिपके येतात.
एका रात्रीत शंभर विजारी,
उद्या सकाळी हव्यात, उस्ताद, दुप्पट पैसे.
नव्वद साली असंच. दोन हजार तीनला असंच.
दुप्पट पैसे मी घेतले.
दाभोळच्या घराला त्यातून स्लॅब पडला.

पोरं एकोणीस-वीसची, कंबर भरलेली नाही.
नावाच्या पट्ट्या: क्रेब्स. ओटरबेक. लुजान.
एकेक अक्षर शिवतो अर्थ न लागता,
लहानपणी मदरशात अरबी वाचायचो तसं.
लुजानचा शर्ट न्यायला कुणी आलं नाही.
बदली झाली असेल. होतात बदल्या.
पावती अजून खिळ्याला आहे.

जब्बार चहा आणतो. बसऱ्याचा.
एकदा खाली पडलेली विजार उचलून
बराच वेळ हातात धरून उभा राहिला.
‘आमच्या गल्लीत आले ते ह्याच कापडात होते.’
मी म्हटलं, मी फक्त पाय आखूड करून देतो.
तो म्हणाला, हो.
चहाचे पैसे त्या दिवशी त्याने घेतले नाहीत,
आणि ते का, हे मला अजून कळलेलं नाही.

उजव्या खांद्यावरचा झेंडा उलटा शिवायचा असतो,
चांदण्या पुढच्या बाजूला.
पहिल्यांदा मला वाटलं, चुकलंय.
एका सार्जंटने समजावलं: माणूस पुढे धावतोय,
झेंडा वाऱ्यावर मागे उडतोय, असं दिसलं पाहिजे.
मी विचारलं, आणि मागे फिरताना?
तो मोठ्याने हसला. तसा बिल्ला निघत नाही, उस्ताद.

शिवणीच्या आत थोडं जादा कापड ठेवतात.
आमच्यात त्याला माया म्हणतात.
अंग सुटलं की माया सोडायची, कपडा पुन्हा बसतो.
ह्यांच्या कारखान्याच्या कपड्यात माया नसते.
हल्ली जाडजूड अधिकारी येतात,
श्वास आत ओढून उभे राहतात, म्हणतात इंचभर सोड.
मी कापड उलटं करून दाखवतो.

आणि शिलाईही संपत चालली आहे.
नाव, हुद्दा, झेंडा, सगळं चिकटपट्टीवर.
खर्रकन ओढलं की निघतं,
खर्रकन दुसरं बसतं.
कातरीचं टोक घालून
एकेक टाका सोडवावा असं काही उरलं नाही.
हे निघतील तेव्हा
बरणीत काय टाकणार मी?