चौदावी पट्टी

तार्तूत नोव्हेंबरला साडेतीनलाच दिवे लागतात.
मारिका जेलचा तुकडा उचलते, साय उचलावी तसा,
जांभळ्या उजेडावर ठेवते.

डावीकडे हेल्डुर टामच्या रक्तातलं यीस्ट, सप्टेंबरचं.
उजवीकडे त्याच्याच रक्तातलं, परवाचं.
तिकडे तेरा पट्ट्या. इकडे, पार तळाशी,
चौदावी. फिकट.
बोटाने पुसली जाईल अशी.

ह्या यीस्टला जोडीदार नसतो.
गुण जुळवायला कुणी नाही,
तेव्हा ते आपली गुणसूत्रंच उसवतं,
एकाचं टोक दुसऱ्याला टाचतं,
एखादी चिंधी गाठीला ठेवून घेतं
अडीअडचणीसाठी.

ह्या चिंधीत एकच ओळ, दोनदा लिहिलेली:
औषध बाहेर फेक.
औषध बाहेर फेक.

ती वॉर्डला फोन करते. औषध बदला.
‘उद्या, डॉक्टर आले की.’

जानेवारीत तिने तेच यीस्ट
औषधाविना वाढवलं, पुन्हा जेल ओतलं.
तेराच पट्ट्या.
गरज सरली होती.
वैद्य नाही मेला.

डबीवरचं नाव तिने खोडलं नाही.
खाली नवी तारीख घातली
आणि उणे ऐंशीच्या फ्रीजरमध्ये
मागच्या रांगेत, सप्टेंबरच्या शेजारी, ठेवली.