शेरा

पोल्डरबानच्या कुंपणापाशी
ॲल्युमिनियमच्या चार शिड्या,
शिड्यांवर चार माणसं.
पाचवा मी, फळांच्या खोक्यावर,
कारण माझी शिडी मागच्या शनिवारी
हार्लेमच्या गाडीत राहिली
आणि एकटीच पुढे गेली.

इथला वारा कुणाच्या बापाचं ऐकत नाही.
टोपी नेतो, पावामधलं हॅम नेतो,
आज रूर्डची नोंदवही घेऊन बीटच्या शेतात शिरला.
आम्ही सगळे तिच्यामागे,
आणि नेमकं तेव्हाच डोक्यावरून
चार इंजिनांचं म्हातारं मालवाहू
ऐटीत उतरून गेलं.
‘काय होतं ते?’
‘आवाज होता,’ रूर्ड म्हणाला,
आणि चिखल पुसून वहीत तसंच लिहिलं.

आकाश रिकामं असलं की फोटो निघतात.
चांगले नव्हे, चांगले घरी भिंतीवर असतात.
इथे मान फसलेल्यांना.
रॉयविनचा सीगल बघा,
चोचीत अख्खा जम्बो धरून
पिलांकडे निघालेला.
आणि ही मेंढी,
जिच्या पाठीवर नवंकोरं एअरबस
अलगद टेकतंय;
मेंढीच्या तोंडावर
आश्चर्याचा लवलेश नाही.
हानेकेकडे नुसती शेपटं. एकशे बारा.
‘मला उशीर होत नाही,’ ती म्हणते,
‘विमानंच उतावळी असतात.’

मग थर्मास, मग ओघानं प्रवास.
रॉयविन पारामारिबोला गेला, मावशीच्या साठीला.
बॅग गेली ओस्लोला.
तिथून कुणी तिला लिस्बन दाखवलं,
मग दोहा, मग कुठे कुठे.
सतरा दिवसांनी दारात उभी,
पाच गावांच्या चिठ्ठ्या मिरवत.
‘तिच्यापुढे मीच खेडवळ वाटलो.’
आत मावशीसाठी घेतलेलं चीज होतं.
त्याबद्दल तो बोलत नाही.
शेजारी बोलतात.

हानेकेनं जादा पैसे मोजून
खिडकीची जागा घेतली होती.
खिडकी पुढच्या रांगेत होती, एक मागच्या रांगेत,
तिच्या वाट्याला भिंत.
अकरा तास भिंत पाहिली.
‘मधूनमधून स्क्रू होते,’ ती म्हणाली,
उगीच खोटं कशाला बोला.

विबे मात्र शिडीच्या टोकावर गप्प.
त्याची गोष्ट सगळ्यांना पाठ,
तरी दर शनिवारी कुणीतरी खपली काढतंच.
आज मी काढली.

एक दुर्मिळ मालवाहू येणार म्हणून
तो पहाटे तीनला उठून ओस्टेंडला गेला,
धुक्यात सात तास उभा राहिला, नाकाचं गाजर झालं.
धुक्यामुळेच ते तिथे उतरलं नाही.
ते वळलं, आणि खाली खाली येत
झ्वानेनबर्गला त्याच्याच परसावरून गेलं.
काखेत कळसा, आणि वळसा बेल्जियमला.

परसात त्याची बायको चित्स्के कपडे वाळत घालत होती.
जिला विमान म्हणजे ‘ते निळं’ किंवा ‘ते दुसरं’.
तिनं चिमटा दातांत धरला, फोन काढला, दाबला.
फोटोत दोरी आहे,
दोरीवर विबेच्या तीन चड्ड्या,
चड्ड्यांच्या वर, पोटावरचा नंबरसुद्धा वाचता येईल असं,
ते.
आणि डाव्या कोपऱ्यात, सूर्यासारखा गुलाबी,
चित्स्केचा अंगठा.

चाळीस वर्षं भिंगं पुसतोय आम्ही,
आणि मैदान मारलं अंगठाबहाद्दरानं.

‘वहीत नोंद केलीस का रे?’ मी विचारलं.
विबेनं पान उघडून दिलं.
तारीख, वेळ, नंबर, सगळं सुवाच्य.
शेऱ्याच्या रकान्यात दोन शब्द:
मी ओस्टेंडला.

वारा फिरला तशी धावपट्टीही बदलली.
विमानं आता पार दुसरीकडे उतरतायत,
लांबून बारीक, तांदळातल्या खड्यांएवढी.
जायला हवं खरं.
पण हानेकेला भिंतीवरचा
आणखी एक स्क्रू आठवलाय,
आणि कुणी शिडी सोडत नाही.