अंगावर

आमच्या वार्डो बेटावरून नोव्हेंबर सरता सरता सूर्य जातो,
तो जानेवारी निम्मा झाल्याशिवाय फिरकत नाही.
याचं इथे कुणाला काही वाटत नाही.
मुलं अंधारात शाळेत जातात, अंधारातच घरी येतात.
मलाही बेचाळीस वर्षं काही वाटलं नव्हतं.

मग एका डिसेंबरात
घर अंगावर यायला लागलं.
घर म्हणजे काय, तीन खोल्या,
खिडकीत कागदाची चांदणी, आत दिवा लावलेली.
कुणी गेलं नव्हतं, कुणी टाकून दिलं नव्हतं,
तरी संध्याकाळी, म्हणजे घड्याळातल्या संध्याकाळी,
ते चारी बाजूंनी सरकत यायचं
आणि मी बूट न काढता
पलंगाच्या कडेला बसून राहायचे.

दोन वर्षं अंगावर काढलं.
कारखान्यात कॉड माशांची डोकी उडवत होते,
हात चालू होते,
म्हणून कुणाला कळलं नाही.

शेवटी डॉक्टरांनी गोळी दिली.
ती मी अजूनही घेते.
आधीच सांगून टाकते,
म्हणजे पुढचं कुणी चमत्कार म्हणून वाचू नये.

एका मंगळवारी आर्नफ्रिद दारात.
"तुरीद, आमची गोलकीपर बाळंत झालीय.
तू शाळेत असताना उभी राहायचीस ना?"
राहायचे. सत्तावीस वर्षांपूर्वी.
नाही म्हणायला जेवढं बळ लागतं
तेवढं माझ्यात नव्हतं.
म्हणून हो म्हटलं.

हॅण्डबॉलचा गोल तीन मीटर रुंद, दोन मीटर उंच.
समोरची पोरगी सहा मीटरांवरून उडी घेते
आणि कुठे मारायचं ते हवेत ठरवते.
पहिल्या चेंडूला मी अंग चोरलं.
दुसऱ्यालाही.
तिसरा मांडीवर बसला, सणकन.

रात्री न्हाणीघरात पाहिलं,
निळसर, वाटोळं, चेंडूच्या शिवणीसकट उमटलेलं.
दोन वर्षांत पहिल्यांदाच
कुठे दुखतंय
ते बोट ठेवून दाखवता येत होतं.
दाखवायला कुणी नव्हतं, ते सोडा.

हळूहळू लक्षात आलं,
इथे अंगावर येणारं समोरून येतं.
त्याला हात असतो, खांदा असतो,
कधी कधी नजर आधीच चुगली करते.
आणि ते आलं की एक तर लागतं
नाही तर मागे जाळ्यात जातं.
तिथे बसून राहत नाही.

पण शिर्केनेसला चौतीस गोल खाल्ले.
चौतीस.
परतीच्या बसमध्ये साडेतीन तास
सगळ्या माझ्याशी फार गोड बोलत होत्या.
त्या रात्री घर आलं ते छतासकट आलं.
पुढच्या मंगळवारी मी दिवा घालवून बसले.
आर्नफ्रिद गाडी घेऊन आली, खाली थांबली.
हॉर्न नाही, फोन नाही,
नुसतं इंजिन चालू.
दहा मिनिटं. वीस मिनिटं.
डिझेलचा भाव काय झालाय!
मला ते बघवेना. उतरले.
ती म्हणाली, "मोजे जास्तीचे आणलेत,"
आणि गिअर टाकला.

यंदा सूर्य परतला त्या दिवशी
शाळेला सुट्टी होती, म्हणून हॉल दुपारीच मिळाला.
त्या हॉलला खिडक्या नाहीत.
किल्ल्यावरून तोफ झाली,
अख्खं बिंब दिसल्याची,
तशा सगळ्या जॅकेटं ओढत बाहेर पळाल्या.
राहिली फक्त औश्रा,
कारखान्यातली लिथुआनियाची पोर, एकोणीस वर्षांची,
जी महिनोन् महिने कुणाशी चार शब्द बोललेली नाही.
चेंडू तिच्या हातात होता.
तिने माझ्याकडे पाहिलं.
मी गुडघे वाकवले.

तिने मारला,
मी अंगावर घेतला.
मग चोळत चोळत
आम्ही दोघी बाहेर गेलो.