काशी ऊर्फ कसीया

तलाठी विचारतो, बाई, काशी की कसीया?
एकच काय ते सांगा.
काशी असाल तर आधार कार्ड खोटं,
कसीया असाल तर नागावातले अकरा गुंठे
दुसऱ्याच कुणाचे.

चूक मास्तरांची, भाऊसाहेब.
त्रेपन्न सालचा जून. बाबा म्हणाले, कसीया.
मास्तरांनी टाक झटकला
आणि लिहिलं काशी.
बाबांच्या हाताला घाण्याचं तेल,
कागदाला बोट लावायची चोरी,
वाद कुठून घालणार?
शनवार-तेली आम्ही. शनिवारी घाणा उभा.
आमच्या बैलालाही एवढा धर्म कळायचा.

अर्थ विचारता?
वासाची साल.
दालचिनीची दांडगट बहीण,
मसाल्याच्या डब्यात तमालपत्राखाली दडून असते ती.
शब्दाच्या मुळाशी खरवडणं आहे, बाबा सांगायचे.
सोलल्यावाचून ती होत नाही,
तोवर नुसती फांदी.
आणि सुकताना आत वळते,
स्वतःलाच गुंडाळून घेते.

इयोब म्हणून एक होता.
गुरं गेली, लेकरं गेली,
राखेत बसून खापरीनं अंग खरवडत राहिला.
मग म्हणे सगळं परत मिळालं.
लेकरंसुद्धा? तीच? मी विचारलं होतं.
बाबांनी बैल हाकला.

नवे सात मुलगे. त्यांची नावं पोथीत नाहीत.
तीन मुली. तिघींची आहेत.
यमीमा, मग मी, मग ती शिंगाच्या नावाची
जी मला कधी धड उच्चारता आली नाही.
पुढे लिहिलंय, बापानं त्यांना
भावांच्या बरोबरीनं वतन दिलं.
त्या ओळीखाली अजून
बाबांच्या बोटाचा तेलकट डाग आहे.

भाऊ बोटीनं गेले. हनोख तिकडेच वारला.
पिन्हास अश्दोदहून फोन करतो,
घशातून माझं नाव काढतो,
क्षणभर वाटतं, राँग नंबर.
इकडे सुपारीच्या वाडीत पाणी सोडताना
पलीकडून हाक येते, काशीबाय, पाट फुटला!
मी धावते.
तेव्हा खोटं कुठलं, भाऊसाहेब?

तलाठी चष्मा पुसतो.
बरं, ऊर्फ टाकतो. प्रतिज्ञापत्र जोडा.
सी दीर्घ ना?

दीर्घ, मी म्हणते.
त्याचं पेन उमटत नाही.
तो ते झटकतो,
आणि मी टेबलाची कड धरते.