बाह्या तीन बोटं लांब

हबीब टेलरनं टेप गळ्यातच राहू दिली,
नजरेनंच मोजला माझा हात,
म्हणाला, वहिनी, बाह्या तीन बोटं लांब ठेवतो.
शारजा हाय ते. दुबईसारखं नाही.

मी म्हटलं, इथं तरी कोणाले खांदे दाखवत फिरलो आपण?
सुईत दोरा ओवता ओवता हसला.
अकरा वर्षं तिथं कंदोरे शिवून आलेला माणूस,
पांढऱ्या कापडावर पांढरा दोरा
घालून घालून डोळे अधू झालेले.

बसा, म्हणाला, ऐका.
खसखस नेऊ नका.
डब्यात नाही, मसाल्यात नाही, अनारशाले चिपकलेलीही नाही.
पोरीसाठी करून ठेवलेले एकवीस अनारसे
माझ्या डोळ्यांपुढं पोलीस चौकीत रांगेनं बसले.

गोळ्या नेसान तं डॉक्टरच्या सहीची चिठ्ठी पाहिजे.
रोजे चालू असले तं दिवसा पाणीही आडोशानं प्या.
बायांचा फोटो काढू नका.
रस्त्यावर भांडू नका,
शिवी द्याची तं मनातल्या मनात द्या.
हे ऐकून यांनी पहिल्यांदा मान वर केली.
तीस वर्षं जिनिंगच्या काट्यावर काढलेली,
शिव्या म्हणजे यांचं वजनमाप.

आन् लग्नाचा कागद ठेवा जवळ. कोणी मागितला तं असावा.
कागद?
आमचं लग्न म्हणजे समाजमंदिरापुढं मांडव,
दोन हार, पंचशील,
आणि संध्याकाळी वांग्याची भाजी. सही कुठंच नाही.
आहे तो मामानं दिलेला पितळी गुंड,
त्यावर ठोकून घेतलेली दोघांची नावं,
चिंचेनं घासून घासून निर्मलाची निमला झालेली.
ग्रामसेवकानं गुंडाकडं पाहिलंसुद्धा नाही,
साक्षीदार मागितले.
एक हबीबच उभा राहिला:
आमच्या वरातीत गॅसबत्ती त्यानंच डोक्यावर घेतली होती,
सतरा वर्षांचा असताना, दोन रुपयांसाठी.

शेवटचं सांगू का, म्हणाला, आणि आवाज उतरवला
जसा कोणी मोठ्या आजाराचं नाव घेताना उतरवतो.
हात धरून चालू नका तिथं.
मी यांच्याकडं पाहिलं, यांनी चपलेकडं.
एकोणचाळीस वर्षं हे दहा पावलं पुढं
आणि मी मागं, थैली घेऊन.
आम्हाला ही मनाई सांगणं म्हणजे
बाभळीला सांगणं, फार गोड होऊ नकोस.

पण तो थांबला नाही.
विमानतळाच्या सरकत्या जिन्यावर धरा, तिथं चालते.
रस्ता ओलांडताना धरा, सहा पदरी हाय.
आन् खाडीच्या काठानं, मच्छी बाजाराच्या पुढं,
मगरिब झाली की तिसऱ्या बाकावर
नवराबायको बसतात. चुपचाप.
मधात थरमास ठेवतात.
कोणी काही म्हणत नाही.
वारं येते पाण्यावरून. तुम्हाले बरं वाटन.

पायडलवरचा पाय केव्हाच थांबला होता.
अकरा वर्षं तो त्या बाकावर कोणासोबत बसला,
मी विचारलं नाही.
पडद्यामागून जुलेखाबी चहा घेऊन आली,
कपबशी माझ्यापुढं ठेवत म्हणाली,
याले सगळं ठाऊक हाय, कोण्या बाकावर बसाचं ते.
मले तं दारव्ह्याच्या पुढं नेलं नाही यानं.

हबीबनं दोरा दातानं तोडला.
ब्लाउज उद्या न्या, म्हणाला.

अनारसे मी तिच्याच पदरात घातले, एकवीसच्या एकवीस.
आणि सोमवारी दिग्रसच्या बाजारात
मी बॅगेचं कुलूप शोधत होते, तर हे
भांड्यांच्या दुकानात घासाघीस करत उभे:
लाल, अर्ध्या लिटरचा, दोन झाकणांचा थरमास.
पोरीच्या घरी काय चहा मिळणार नाही, मी म्हटलं.
हे पैसे मोजत राहिले.
मग दुकानदाराकडं बघून, मला ऐकू जाईल एवढंच,
मधात ठेवाले.